बुक डेपोवाल्याचे मत

चुन्नीलाल रहांगडालेची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्याच्या दुकानात गुळगुळीत दाढी करून शिरलो होतो. बाहेर पडलो तेव्हा शेजारचा न्हावी माझ्याकडे मोठ्या आशेने पाहत होता. मे महिना होता. गोंदियाच्या बाजारात कावळेसुद्धा उडायचे सोडून सावलीसावलीने पायी चालले होते. मी एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी मागितली, एवढाच माझा गुन्हा. चुन्नीलालने चष्मा कपाळावर चढवला आणि मुलगी बघायला आलेल्या मुलाची करतात तशी माझी चौकशी सुरू केली. नोकरी कुठे? झोप किती वाजता लागते? बायको बोलत असताना वाचता येते का? याआधी घेतलेली पुस्तके संपवली, की अर्ध्यात सोडली? बोलता बोलता तो माझ्या सासऱ्याच्या धानाच्या बांध्यांपर्यंत जाऊन आला.

शेवटी निकाल लागला. "नाई जमणार तुमाले. उशाशी घेऊन झोपून राहाल. थे पातळवालं घेऊन जा. नाई आवडलं तं वापस आना."

मी अपमानित होऊन पातळवाले घेतले आणि एका बैठकीत संपवले. त्याचाच जास्त राग आला.

पुष्पा बुक डेपो हे त्या दुकानाचे नाव. समोर शाळेची पुस्तके, वह्या, पोलीस भरतीचे आणि तलाठी परीक्षेचे गाइड. मागे, अंधारात, दोन लाकडी कपाटे. त्यांत कथा-कादंबऱ्या. पुढचे दुकान पोटासाठी होते आणि मागचे चुन्नीलालसाठी. त्याचे भाऊ आमगावकडे धान पिकवतात. घरातून शहरात येऊन दुकान टाकणारा हा एकटाच, त्यामुळे गावी तो अजूनही 'परत येईल कधीतरी' याच खात्यात होता. दुकानाला बायकोचे नाव दिले, पण पुष्पाबाईंनी आयुष्यात एकही कादंबरी वाचली नाही. त्या म्हणत, "याहीनंच वाचून वाचून डोये फोडले. घरात एकाचे तरी शाबूत राहू द्या."

गेल्या काही वर्षांत पुढचे दुकान सुकू लागले. शाळा पुस्तकांचे संच स्वतःच विकू लागल्या. गाइड पोरांच्या मोबाइलमध्ये आले. आणि फुलचूरच्या रस्त्यावर 'पानोपान' उघडले. नागपूर, रायपूर, जबलपूर इथे शाखा असलेले मोठे दुकान. काचेचे दार, एसी, बसायला गुबगुबीत खुर्च्या, कॉफीचे यंत्र. पुस्तकांपेक्षा खेळणी आणि पाण्याच्या बाटल्या जास्त, पण पुस्तकेही होती. सगळे गोंदिया बघायला गेले. काही जण तर नवे कपडे घालून गेले.

आमचे एक वाचक मंडळ आहे. डझनभर माणसे, सगळी मतांनी श्रीमंत. जिल्ह्यातल्या लहान गावांची वाचनालये दरवर्षी आम्हाला विचारतात की पुस्तके कुठून घ्यावीत. आम्ही आमचे आवडते दुकान सुचवतो आणि ती मंडळी तिथे जाते. इतकी वर्षे हा प्रश्न आम्ही चहा येईपर्यंत मिटवत होतो, कारण उत्तर ठरलेले होते. यंदा रीताने हात वर केला. रीता बँकेत आहे आणि तिला नियम आवडतात.

"दोन दुकाने आहेत तर निवड व्हायला पाहिजे," ती म्हणाली. "सगळ्यांनी दोन्हीकडे जायचे आणि मग मत द्यायचे."

अध्यक्ष बकाराम गुरुजींनी मान डोलावली. वर आठवण करून दिली की आपल्या मंडळात तटस्थ राहता येत नाही. हा नियम आम्ही नवेगाव बांधच्या सहलीनंतर केला होता. सहल कोणत्या रविवारी काढावी यावर सगळे तटस्थ राहिले आणि बस रिकामी गेली.

बातमी चुन्नीलालपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. तो मंडळाचा संस्थापक सदस्य होता आणि त्याच बैठकीत माझ्या शेजारी बसून शेंगदाणे खात होता. बाहेर पडताना मला म्हणाला, "भाऊ, सरळ सांगतो. वाचनालयाची खरेदी आली तं दुकान एक साल चालते. नाई आली तं बंद. पुष्पाले सांगून ठेवलं मी."

"मग बाई काय म्हणाल्या?"

"म्हणे, बरं." त्याने हातावरची शेंगदाण्यांची साले झटकली. "बहुतच लवकर म्हणाली, बरं."

मग आमची प्रेमाची मोहीम सुरू झाली. मंडळातले जुने लोक पुष्पा बुक डेपोत गर्दी करू लागले. येऊन स्टुलावर बसत, कपाटे पाहून उसासे टाकत आणि चुन्नीलालच्या पैशाने चहा पीत. "असं दुकान पुन्हा होणे नाही," म्हणत. एकाने कपाटाच्या दारावर हात ठेवून फोटो काढून घेतला. दार निसटले म्हणून तो फोटो पुन्हा काढावा लागला. पुस्तक मात्र कोणी घेईना. चुन्नीलाल चष्मा कपाळावर चढवून तयार असायचा, पण चौकशी करायला कोणी काही मागेल तर ना.

पुष्पाबाई एकदा काउंटरमागून म्हणाल्या, "हे लोक काऊन येऊन राहिले जी? कोणी बिमार आहे का आपल्या घरी?"

मीही नियमाप्रमाणे 'पानोपान' पाहायला गेलो. दुपारची वेळ होती. आत इतके गार होते की मला आपण श्रीमंत झाल्यासारखे वाटले. कोणी विचारले नाही काय हवे. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक माणूस पाय वर घेऊन वाचत बसला होता. चपला खाली नीट जोडून ठेवलेल्या. जवळ गेलो तर चुन्नीलाल.

"तू? इथे?"

"रोजच येतो ना जी. दुपारी दुकानात लाइन नसते. पंखा बंद. इथं बसून राहतो." त्याने पुस्तकात बोट घातले. "हे थेच जाडवालं, तुमाले नाई दिलं थे. तिसऱ्यांदा वाचून राहिलो."

"तुझ्याकडे आहे की हे."

"माह्याकडं वाचायले बसलो तं कोणी ना कोणी येते अन् दुःख करते." तो एवढेच बोलला आणि पान उलटले. मी थोडा वेळ उभा राहिलो. त्याने मान वर केली नाही. गेली कित्येक वर्षे मी त्याला पुस्तके विकताना पाहत होतो, पण वाचताना पहिल्यांदाच पाहिले. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जागच्या जागी होत्या, फक्त त्यांना काही काम नव्हते.

मतदानाची बैठक बकाराम गुरुजींच्या ओसरीवर झाली. हात वर करून मत. नवे लोक रीताबरोबर 'पानोपान'कडे, जुने आमच्याबरोबर. गुरुजींनी मोजले, पुन्हा मोजले आणि घाम पुसला. दोन्हीकडे सारखेच हात. चुन्नीलालचा हात अजून खालीच होता.

आम्ही हसलो. जिंकलोच होतो. रीतासुद्धा हसली आणि म्हणाली, "घ्या काका, तुमचंच दुकान, तुमचंच मत."

"मी तटस्थ राहू का गुरुजी?"

"नियम नाही तसा," गुरुजी म्हणाले.

"मग सवाल का आहे थे एकदा सांगा."

"आवडते दुकान कोणते."

चुन्नीलालने चष्मा कपाळावर चढवला. आयुष्यभर समोरच्या माणसाला न जमणारे पुस्तक त्याने गळ्यात मारले नव्हते. आता त्याच नजरेने त्याने आमच्या एकेकाकडे पाहिले. "आवडते तं मले पानोपान. खुर्च्या आहेत. एसी आहे. वाचनालयवाले गावावरून बाया-पोरं घेऊन येतात, त्याहिले संडास लागते, थोही आहे. माह्याकडं यातलं का आहे? सांगा."

"अरे पण चुन्नीलाल," मी म्हणालो, "तुझं दुकान!"

"माहं दुकान तुमाले आवडते भाऊ, मले मालूम आहे. पण तुमी तिथं मयतीले आल्यासारखे येऊन राहिले. मी जिवंत माणूस. रोज रोज कोण बसंल असा?"

"उभे राहिलो असतो आम्ही तुझ्या पाठीशी."

"उभंच राहता जी तुमी." त्याच्या आवाजात राग नव्हता. दिवसभर रोवणी करून आलेल्या माणसाने पाणी मागावे तसा तो बोलत होता. "थकलो मी. लिहा गुरुजी. पानोपान."

आणि त्याने हात वर केला. तो खाली घ्यायला गुरुजींनी सांगेपर्यंत तसाच वर होता.

बैठकीनंतर कोणी चहाला थांबले नाही. रीताने गाडी सुरू केली, बंद केली, चुन्नीलालपाशी आली आणि म्हणाली, "काका, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मालूम आहे ना बेटा. तू हमेशा कोणतं पुस्तक वाचते? उद्या ये, एक देतो."

ती दुसऱ्या दिवशी खरेच गेली. पाऊण तास चौकशी होऊन तिला एक पातळ पुस्तक मिळाले.

वाचनालयांनी त्या वर्षी सगळी खरेदी मोबाइलवरून केली. पुष्पा बुक डेपोच्या जागेत आता एका राईस मिलचा बारदाना ठेवतात.