आइस्क्रीमची पावती

नंदुरबारच्या तमाम करदात्यांनो, कान देऊन ऐका! आइस्क्रीम हे औषध नाही, असा ऐतिहासिक निवाडा मी माझ्या रिटर्न भरायच्या टेबलावर दिला आहे.

समोर होते आमचे निवृत्त हेडक्लार्क. हा गृहस्थ चहासुद्धा 'सादर करा' म्हणून मागवतो आणि कागदांच्या कडा जुळवल्याशिवाय फाइल हातात देत नाही. सिंगापूरला मुलाकडे गेले असताना बायको आजारी पडली आणि तिथेच वारली. त्या उपचारांवर करात सूट मिळावी म्हणून त्यांनी सगळी बिलं अनुक्रमांक टाकून आणली होती. अनुक्रमांक सतरा: दवाखान्याच्या कॅन्टीनमधलं आंब्याचं आइस्क्रीम, एक नग.

"बाकीच्या बिलांचं बघू, डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागेल," मी म्हणालो. "पण साहेब, सतरावं काढा. सरकार हसेल!" आणि सरकारच्या वतीने मीच हसून पावती बाजूला सरकवली.

त्यांनी ती उचलली, कडा जुळवून पुन्हा सोळा आणि अठराच्या मध्ये ठेवली. त्यांची ऑफिसातली मराठी तेवढ्यात कुठे गेली कोण जाणे, घरची अहिराणीच बाहेर आली.

"ऱ्हाऊ द्या ना भाऊ! आख्खा जलममा तिनी मन्हाकडे एवढंच मांगेल व्हतं!"