लंकेची लढाई आणि कारगिलचा फ्लेक्स

युद्ध करावं की करू नये, यावर आमच्या पुण्यात फार सखोल विचार होतो. बहुतेक सोफ्यावर. यंदा सीमेवर तणातणी झाली तेव्हा मी सोसायटीच्या ग्रुपवर एकट्यानं तीन शहरं जिंकली होती. चौथ्याच्या वेशीवर पोचलो तोच बायको म्हणाली, "एवढी खुमखुमी असेल ना, तर आमच्या नानामामांकडे जाऊन या. ते खरं लढून आलेत."

नानामामा म्हणजे तिचे सख्खे मामा. निवृत्त हवालदार, मुक्काम जामखेड तालुका, खर्ड्याच्या थोडं आत एक छोटं गाव. सव्वीस जुलैला, कारगिल विजय दिनी, गावात त्यांचा सत्कार होता. म्हटलं, चला, वीराच्या तोंडून ऐकू. ग्रुपवर टाकायलाही बरं.

पंचवीसला सकाळी सहाला गाडी काढली. वाघोली ते शिक्रापूर हे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, आयुष्यात मोजावं. नगरला पोचायला चार तास लागले. तिथलं रणगाड्यांचं संग्रहालय मात्र चुकवू नका. तिकीट फारसं नाही, सावलीही फारशी नाही, टोपी न्या. देशोदेशीचे रणगाडे ओळीनं उभे आहेत आणि त्यांच्यासमोर देशोदेशीच्या पोझ देणारे आपण. एक गृहस्थ बायकोला समजावत होते, "हा एक घुसला ना, की खेळ खल्लास!" बाईंनी त्या तापलेल्या लोखंडाला बोट लावून पाहिलं आणि विचारलं, "आत पंखा असतो का हो?" गृहस्थ पुढच्या रणगाड्याकडे वळले. मलाही ठाऊक नव्हतं, आणि मी तर तीन शहरं जिंकलेला माणूस.

पुढे जामखेडचा रस्ता बरा झालाय. म्हणजे बराचसा. मधे कडा, आष्टी ही बीड जिल्ह्यातली गावं लागतात, त्यामुळे खड्डा नेमका कुठल्या जिल्ह्याचा, यावर तासभर वाद घालता येतो. एस.टी.नं येणाऱ्यांनी जामखेडला उतरून खर्ड्याची गाडी धरावी. मुक्कामाला जामखेडात साधे लॉज आहेत. खर्ड्याचा किल्ला बघाच. इथं मराठ्यांनी सगळे एक होऊन निजामाला हरवलं. ती एकी त्यानंतर कुणाला सापडल्याचं ऐकिवात नाही.

मामांच्या घरी पोचलो तेव्हा मामींनी हुलग्याची शेंगोळी टाकली होती. ज्यांना पुण्यात 'ऑथेंटिक' नावाखाली काहीबाही खावं लागतं, त्यांनी ह्या एका वाटीसाठी इतकं अंतर यावं. दोन वाट्या झाल्यावर मी मुद्द्यावर आलो.

"मामा, कारगिलला थंडी किती होती हो?"

"काय म्हाईत? मी कारगिल बगितलंच न्हाई, जावईबापू. तवा मी जबलपूरला स्टोअरात पेट्या मोजीत हुतो. मी लढलो ते लंकेत."

मी हसलो. खरं सांगतो, मला विनोद वाटला. मामा हसले नाहीत.

ज्यांना माझ्यासारखंच काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सत्त्याऐंशी साली आपल्या सरकारनं श्रीलंकेशी करार केला. तिथल्या तमिळ बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायची, आपल्या फौजेनं गोळा करायची आणि सगळ्यांनी सुखानं घरी जायचं. फौजेचं नावच शांतिसेना. सह्या झाल्या, हस्तांदोलनं झाली. फक्त बंडखोरांच्या मनात काय आहे ते कुणी नीट पाहिलं नव्हतं. त्यातल्या कित्येकांना बंदूक धरायला आपणच शिकवलं होतं, ही आणखी एक बारीकशी बाब. इतकी बिनचूक तयारी आमच्या सोसायटीच्या पाणी समितीलाही जमत नाही.

"आदी म्हनले, शांतता राखा," मामा सांगत होते. "मग येके दिशी म्हनले, आता मारा. कुनाला मारू? सकाळी शहाळं देनारा मानूस सांच्याला रस्त्यात सुरुंग पुरायचा. तान्हेनं जीव चाललाय, पन कुनाचं दार वाजवून पानी मागायची छाती हुईना."

ह्याच गावचा दत्तू त्यांच्याबरोबर भरती झाला होता. जाफन्याच्या वाटेवर त्याची गाडी सुरुंगावर गेली. मामा मागच्या गाडीत होते. "आमीच गोळा केला त्येला. तितंच जाळला. घरी निस्ती पत्र्याची पेटी आली. त्येच्या बायकूच्या, हिराबाईच्या लग्नाला वरीस झालं नव्हतं."

आमचे लोक त्यानंतर हिराबाईंशी कसे वागले, तेही ऐका. मालक कुठं गेले असं कुणी विचारलं आणि त्या 'लंकेत' असं म्हणाल्या, की समोरचा हमखास मारुतीचं नाव काढून दात काढायचा. म्हणजे माझा विनोद काही पहिला नव्हता. म्हणून मामांनी सत्काराला एकच अट घातली होती: दत्तूचं नाव घ्यायचं, आणि तो लंकेत गेला असं हिराबाईंच्या समोर, माईकवर सांगायचं. अडतीस वर्षांत ते गावात कुणी सांगितलं नव्हतं.

सव्वीसला सकाळी देवळापुढे गेलो, तर मंडळाचा फ्लेक्स लागलेला. मागे बर्फाचे डोंगर. पुढे मोबाईलवरून उतरवलेले कुठल्यातरी भलत्याच देशाचे गोरेपान सैनिक. वर पुढाऱ्यांचे गाडीच्या चाकाएवढे चेहरे. तळाला, आधार कार्डावरचा मामांचा फोटो, 'कारगिल वीर'. शेजारी दत्तू, 'कारगिल शहीद'.

मामा सरपंचाला म्हणाले, "आरं, दत्तू जाऊन बारा वर्सं झाल्यावर कारगिल झालं. त्येला दुसऱ्यांदा मारता व्हय?"

"नाना, समजून घ्या की," सरपंच हात जोडून म्हणाला. "लंका म्हनलं की लोक हासत्यात. कारगिल म्हनलं की टाळ्या पडत्यात. फ्लेक्सवाल्याकडं डिझाईनबी तेवढंच हाय."

दहाचा कार्यक्रम वेळेवर दीड वाजता सुरू झाला. प्रमुख पाहुण्यांचा युद्धाचा अनुभव म्हणजे बाजार समितीची निवडणूक. त्यांनी चाळीस मिनिटं शत्रूला घुसून मारलं. फौजेनं कुठं वळायचं, किती दिवसांत आटपायचं, सगळं सांगितलं. टाळ्याही जोरात पडल्या. मग निवेदकानं घसा ताणला, "आणि आता, कारगिलच्या बर्फात देह ठेवणारे शहीद दत्तू यांच्या वीरपत्नी हिराबाई!"

सतरंजीवर पुढेच बसलेली, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. त्या उठल्या नाहीत. निवेदकानं पुन्हा पुकारलं. मामा खुर्चीतून उठून उभे राहिले, पण त्यांच्या आधी हिराबाईच बोलल्या.

"मी न्हाई उठायची. कारगिलात गेलेल्याची बायको दुसरी कुनी आसंल, ती हुडका. माजा मालक लंकेत गेला."

पाहुणे गोड हसले. "ताई, कुठंही गेले तरी देशासाठीच ना?"

"मग तुमचं लगीन कुनासंगंबी लावलं आसतं तरी चाललं आसतं का, सायेब? मानूस कुटं मेला ते तरी खरं बोला."

मामांनी निवेदकाच्या हातातून माईक घेतला. मला वाटलं, आता भाषण होणार. ते एवढंच म्हणाले, "दत्तू माझ्यासंगं श्रीलंकेत हुता. शांतिसेनेत. जाफन्याच्या रस्त्यावर सुरुंग फुटला, त्यात गेला. मी तितं हुतो." मग सरपंचाकडे माईक दिला. "आता तू बोल."

सरपंच चाचरला, पण बोलला. "श्रीलंकेत... शांतिसेनेत शहीद झालेले दत्तू, यांच्या पत्नी हिराबाई."

तेव्हा हिराबाई उठल्या. सावकाश चालत गेल्या, शाल घेतली, नारळ घेतला, आणि तशाच सावकाश परत येऊन जागेवर बसल्या. टाळी वाजवायची असते की गप्प राहायचं असतं, हे कुणाला कळलंच नाही. मग पाहुण्यांना पुढच्या लग्नाला जायचं होतं, म्हणून आभारप्रदर्शन उरकलं.

परतीचा रस्ता तोच, खड्डेही तेच. घरी आल्यावर बायकोला सगळं साग्रसंगीत सांगितलं. शेवटचं सांगताना माझा आवाज चांगलाच चढला होता. "एवढं गाव जमलेलं, आणि एकाही माणसानं टाळी वाजवू नये? लाज वाटली मला त्या लोकांची!"

"खरंच," ती म्हणाली. "आणि तुम्ही?"

मी कसा वाजवणार? माझ्या दोन्ही हातांत मोबाईल होता. शूटिंग चालू होतं.