आधी तिचं सांगा, मंग तुमचं

आदरणीय भास्करराव देशमाने यांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या गावच्या बसस्टँडवर. ते तिथे वाहतूक नियंत्रक होते आणि गाड्या पुकारण्याचे काम त्यांच्याकडे होते. मी कॉलेजात शिकत होते, शेगावला परीक्षा होती. भोंग्यातून त्यांचा आवाज आला, "शेगावकडे जाणारी गाडी उशिराने सुटेल, प्रवाशांनी नोंद घ्यावी." खरे तर एवढे सांगितले की त्यांचे काम संपत होते. पण भास्करराव केबिनमधून बाहेर आले आणि बाकाबाकावर चौकशी करत फिरू लागले.

"पोरी, तुले लवकर पोचाचं हाय का?"

"हाव काका, पेपर हाय."

"मंग काऊन बसून राह्यली? खामगावची गाडी उभी हाय. तिथून दुसरी भेटते. चाल."

त्यांनी मला गाडीत बसवून दिले आणि कंडक्टरलाही बजावले. मी वेळेवर पोहोचले. पेपर कसा गेला, हे या गौरवग्रंथात सांगण्याचे कारण नाही.

पुढे आमच्या गावात सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झाले आणि ध्वनिमुद्रणाचे काम माझ्याकडे आले. गावातल्या प्रश्नांवर लोकांशी थेट गप्पा मारणारा निवेदक हवा होता. भास्करराव नुकतेच निवृत्त झाले होते. संचालकांनी त्यांना गळ घातली आणि 'बोला, ऐकून राह्यलो' हा कार्यक्रम सुरू झाला. दर शनिवारी सकाळी एक पाहुणा आणि फोनवर सगळे गाव.

त्यांच्याबरोबर काम करणे सोपे होते असे मी म्हणणार नाही. टोपी चुरगळते म्हणून ते कानाला हेडफोन लावत नसत. मग मी काचेपलीकडून हातवारे करायचे आणि ते मला पाहून प्रेमाने मान डोलवायचे. चहाचा घोट माइकसमोरच घेण्याची त्यांची सवय तर आजही सुटलेली नाही. एका श्रोत्याने "भाऊंना चहा गरम देत जा, फुरका फार मोठा येतो" अशी तक्रार केली, तीही त्यांनी स्वतः वाचून दाखवली.

केंद्राला सल्ला द्यायला एक पाहुणे बाहेरगावाहून आले होते. त्यांनी सुचवले की, निवेदकाची भाषा जरा ग्रामीण वाटते, प्रमाण मराठीत बोलावे. भास्कररावांना राग आला नाही. ते म्हणाले, "साहेब, प्रमाण मले येते. सारी नोकरी गाड्या प्रमाणातच पुकारल्या. पन भोंग्याले कोनी उलटून बोललं नाही. इथं लोकायनं मले उलटून बोलाव, असं वाटते." सल्लागारांनी तो मुद्दा कागदावरून खोडला.

या कार्यक्रमाचा जो नियम आज सगळ्यांना तोंडपाठ आहे, तो एका फजितीतून जन्मला. सुरुवातीच्या दिवसांत दोन मोहल्ल्यांची माणसे एका रस्त्यावरून आमच्या स्टुडिओत कडाक्याने भांडली. कोणी कोणाचे ऐकेना. कार्यक्रम संपत आला तेव्हा उलगडा झाला की दोघांनाही त्या रस्त्यावर दिवेच हवे होते. सगळे गाव हसले. भास्कररावांना मात्र हसू आले नाही, पाहुण्यांना आपण एकमेकांचे नीट ऐकू दिले नाही असे ते म्हणत राहिले. पुढच्या शनिवारपासून त्यांनी ठरवून टाकले की, उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या तोंडाने सांगायचे. त्याने "हाव, हेच म्हनलं" असा होकार दिला की मगच आपले बोलायचे.

हा नियम किती मोलाचा आहे हे बाजाराच्या वेळी कळले. आमचा आठवडी बाजार दर मंगळवारी गावाच्या मधोमध भरतो. ती जागा गाड्यांच्या तळासाठी घेऊन बाजार बायपासपलीकडे हलवण्याचे तेव्हाच्या नगराध्यक्षांनी मनावर घेतले होते. आसपासच्या खेड्यांतून डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या बायांची बसायची जागाच जाणार होती. भास्कररावांनी नगराध्यक्षांना कार्यक्रमाला बोलावले तेव्हा आमचे धाबे दणाणले, कारण केंद्राची खोलीही पालिकेचीच होती. मी तसे बोलूनही दाखवले. ते म्हणाले, "खोली गेली तं आपन झाडाखाली बसू. बाजार गेला तं ह्या बाया कुठी बसतीन?"

नगराध्यक्ष आले, प्रसन्नपणे बोलले. मग सुलतानाबींचा फोन लागला. त्या मेथी, आंबाडी विकतात.

"साहेब, मले चालाची सवय हाय. बायपासलोग मी पोचून जाईन. पन माहं गिऱ्हाईक पैदल येते. ते तिथलोग येनार नाही. मंग मी भाजी कोनाले इकू?"

नगराध्यक्ष लगेच म्हणाले, "गावाचा विकास व्हायला हवा, त्यात अडचणी..."

"साहेब," भास्कररावांनी थांबवले, "आधी तिचं सांगा, मंग तुमचं."

"त्यांचा नव्या जागेला विरोध आहे."

"सुलतानाबी, हेच म्हनलं का तुमी?"

"नाही."

"बरं, त्यांना लांब पडेल. त्यासाठी आम्ही रिक्षाची..."

"रिक्षा मंग सांगा साहेब. बी?"

"मले लांब नाही पडत, म्हनलं ना."

काचेपलीकडे माझा जीव टांगणीला लागला होता. नगराध्यक्षांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग ते सावकाश बोलू लागले. "त्या म्हणतात की, त्यांच्याकडून भाजी घेणारा माणूस पायी चालणारा आहे. बाजार हलला तरी त्या तिथे येतील. पण तो माणूस येणार नाही."

"हाव," सुलतानाबी म्हणाल्या. "हेच म्हनलं मी."

"आता तुमचं सांगा साहेब," भास्करराव म्हणाले.

"माझी आईही पायीच बाजारात जायची," नगराध्यक्ष म्हणाले. "ती इथेच आली असती. मला पुन्हा विचार करावा लागेल."

तो विचार त्यांनी केला, हे मी त्यांच्याबद्दल मनापासून आदराने लिहिते. बाजार जिथे होता तिथेच राहिला आणि गाड्यांचा तळ बायपासच्या अलीकडे पडीक जागेत झाला. पुढे बाजारात टिनाचे छत आले, पिण्याच्या पाण्याचा नळ आला. बाजार हलणार नाही हे ठरल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी भास्करराव पिशवी घेऊन बाजारात गेले तेव्हा बायांनी त्यांची पिशवी इतकी भरली की उचलता येईना. पैसे कोणी घेईना, तेव्हा ते खोटे खोटे रागावले आणि रागावता रागावता त्यांचे डोळे भरून आले. मी हे पाहिले आहे. मला त्यांचा त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता. आमची खोलीही शाबूत राहिली.

आज तो नियम रेडिओपुरता उरलेला नाही. पालिकेच्या सभेत एखादा सदस्य घाईने उत्तर द्यायला उठला की मागून आवाज येतो, "आधी त्यांचं सांगा." आमच्या घरात नवऱ्याशी माझा वाद झाला तरी माझी मुलगी हेच म्हणते, आणि त्या वेळी मला भास्कररावांचा थोडा रागही येतो.

भास्करराव पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना उदंड आयुष्य लाभावे, त्यांचा आवाज आणि पाय दोन्ही खणखणीत राहावेत, अशी केंद्रातल्या आम्हा सर्वांची मनापासून प्रार्थना आहे. या ग्रंथासाठी सुलतानाबींकडेही शुभेच्छा मागायला गेले होते. मी म्हटले, "भाऊ आहेत म्हणून तुमची जागा आहे, असं लिहू का?"

त्यांनी मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडले आणि मान हलवली. "तसं नका लिहू. भाऊ नसले तरी बी माही जागा राहीन, असं त्यायनं करून ठेवलं हाय. म्हनून त्यायले म्हना, आता कामासाठी नाही, नुसतं आमाले पाह्याले म्हनून शंभर वरसं जगा."