आईच्या उशीवरून

नकाशेवाल्या ताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. समोर इमारत उठत होती, आणि चार दिवसांत आईच्या खिडकीतली टेकडी झाकली जाणार होती. तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईला विरंगुळा काय तो तेवढाच. "झाकली जायच्या आत मला ती कागदावर काढून दे गं," आई म्हणाली होती. त्यात काय मोठंसं? मोजणीच्या कचेरीत सव्वीस वर्षं नकाशे काढलेला हात तो!

खिडकीशी खुर्ची टाकून ताईंनी टेकडी काढली. झाडन् झाड, पायवाट, पाण्याची टाकी, काही म्हणून सोडलं नाही. आईने चष्मा लावून पाहिलं.

"छान आहे. कुठली गं ही?"

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. रजा टाकून त्यांनी दुसरं चित्र काढलं.

"लांबचं, जवळचं, सगळं सारखंच काळं," आई कुरकुरली. "ही माझी टेकडी नाही."

"मग काय दुकानातून आणू?" ताई खेकसल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली. बाहेर गवंड्याची थापी काही थांबत नव्हती.

तिसऱ्या दिवशी आईला खुर्चीत बसवून त्यांनी चादर बदलली. पाठ नुसती ठणकत होती, म्हणून घटकाभर पलंगावर आडव्या झाल्या, आणि मान खिडकीकडे वळली.

अगंबाई! इथून टाकी नाही, पायवाट नाही. खाली खिडकीचा काळाकुट्ट कठडा, त्यावर टेकडीचा नुसता करडा माथा, मागचा डोंगर तर दिसेल न दिसेल असा. बाकी सगळं आभाळ. कठड्यामागून विटांची पहिली ओळ डोकावत होती.

तीन वर्षं चादरी बदलल्या, औषधं पाजली, पण आईला काय दिसतं ते एकदाही इथून पाहिलं नाही. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, तू बस तिथेच. मला पलंग हवाय."

पोटावर फळी घेऊन त्या पडल्यापडल्याच काढू लागल्या. कठडा पेन्सिल दाबून दाबून काळा केला, माथा हलक्या हाताने, मागचा डोंगर नुसत्या बोटाने पुसट. वरचा पाऊण कागद कोरा राहिला. तो भरायला हात शिवशिवत होता, पण ताईंनी पेन्सिल खाली ठेवली.

आईला परत निजवून त्यांनी चित्र समोर धरलं. आई बराच वेळ बघत राहिली. मग तिने ते हातात घेतलं.

"खिडकी लावून घे आता," ती म्हणाली. "सिमेंट उडतंय."