दगड केवढा होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. नझीमला तर नाहीच.

नझीम मूळचा रत्नागिरीचा. राहतो शारजात, अल मजाजला. मी दुबईत, वर्तमानपत्रात. काही वर्षांपूर्वी एका प्रवासलेखासाठी आम्ही दोघं भाड्याच्या गाडीने फिनलंडच्या उत्तर टोकाला गेलो — सामी लोकांच्या मुलखात. पिढ्यान्‌पिढ्या रेनडिअर पाळणारी ही माणसं. कळप मोकळे चरतात, रस्त्यावर येतात. फलक जागोजागी होते. मी ते वाचले होते.

त्या दुपारी गाडी मी चालवत होतो. नझीम शेजारी झोपला होता. झाडीतून एक रेनडिअर आलं — धडक बसली. ते पडलं, उठलं, मागचा पाय ओढत झाडीत शिरलं. मी पाहिलं. नीट पाहिलं.

"काय झालं रे?" नझीम दचकून उठला.

"दगड होता."

का थांबलो नाही? अल ऐनच्या रस्त्यावर उंटाला गाडी लागली तर काय होतं, हे आपल्याकडे अमिरातीत कुणाला सांगावं लागत नाही — मालक, पोलीस, भरपाई. तेच डोक्यात होतं. पण मग थोडं पुढे जाऊन मी म्हणालो, "थकलो, आता तू चालव." ते कशासाठी? भीतीला इतकं नेमकं सुचतं?

मुक्कामाच्या घरची यजमानीण सामी होती. अंगणातच तिने बंपरकडे पाहिलं, वाकून जाळीत अडकलेले केस काढले, आणि ड्रायव्हरच्या सीटवरून उतरणाऱ्या नझीमकडे पाहिलं. आत नेऊन तिने कॉफी दिली, त्यांच्या रीतीप्रमाणे चीजचे तुकडे घातलेली. मग इंग्रजीत विचारलं, "रेनडिअरला धडक कुठे बसली? दंड नाही. भरपाई विमा देतो. फक्त जागा सांगा, आम्ही कुत्रा घेऊन शोधतो. जनावर तडफडत असेल."

"अल्लाकसम, वाटेत काही आलंच नाही," नझीम म्हणाला. माझ्याकडे वळला. "तूच सांग की, पत्रकार."

जागा मला माहीत होती. तळं संपतं तिथे, निळ्या टपालपेटीच्या पुढे.

"मी काही पाहिलं नाही," मी म्हणालो.

तिने ते केस रुमालात बांधले. दुसरा कप कुणाला विचारला नाही. नझीमकडे तर सकाळी निघेपर्यंत पाहिलंही नाही.

लेख छापून आला. त्यात चीजची कॉफी आहे.

नझीम तो किस्सा अजून दोस्तांत सांगतो. "बाईने मला खुनी ठरवला, हबीबी! भाड्याची गाडी, केस आधीच्या कुणाच्या वेळचे. बरं, साक्षीला पत्रकार होता — खलास!" सगळे हसतात. तोही हसतो, माझ्याकडे बघत. जरा जास्तच वेळ? की मलाच तसं वाटतं?

गेल्या शुक्रवारी शारजात खालिद लगूनच्या काठाने चालताना तो मध्येच थांबला.

"तो दगड केवढा होता रे?"

मी दोन्ही हातांनी आकार दाखवला.