ताराचंद आणि दुसरी टक्कर

ताराचंद दिवसा कामठी ते नागपूर शेअर ऑटो चालवते अन् संध्याकाळी आमच्या हुडकेश्वरच्या मैदानात पोट्ट्यांना फुटबॉल शिकवते. बॉलची जाळी ऑटोतच असते. गर्दी झाली का ती सवारीच्या मांडीवर. कोणी कुरकुरलं तर म्हणते, "धरा जी, बॉलचं भाडं नाही घेत."

मूळचा कामठीचा. जवानीत डोक्यानं गोल मारायचा, म्हणून अजूनही जुने लोक त्याचं टक्कल पाहून सलाम करतात. अन् हाच माणूस लहान पोट्ट्यांना डोकं लावू देत नाही. "पायानं खेळा, छातीवर घ्या. डोकं शाळेत लागते," म्हणते. लोक हसतात, हलवायानंच जिलबी बंद केली म्हणतात.

यंदा पोट्ट्या पहिल्यांदाच टुर्नामेंटच्या फायनलले पोचल्या. समोर कन्हानची टीम. माझी नात खुशी सहावीत आहे, तिनं सुरुवातीलेच गोल केला. मी तर उभी राहून टाळ्या वाजवल्या, गुडघ्याले विचारलंही नाही. आमच्या दोन पोट्ट्या तापानं घरी होत्या, म्हणून बदली कोणीच नव्हतं.

मग एक उंच बॉल आला. खुशी अन् आमचीच हर्षा, दोघी वर पाहत धावल्या, अन् ठण्णकन डोक्याले डोकं! दोघी खाली बसल्या. उठल्या तशा एकमेकींसमोर उभ्या राहून डोकी मागे घेतली. आपल्यात एक टक्कर लागली तर दुसरी मारून घेतात, नाही तर शिंगं फुटतात म्हणे. मैदानाबाहेरून आयाही ओरडून राहिल्या होत्या, "मारा वं, अजून एक मारा!"

ताराचंद पळत आला अन् दोघींच्या मधात हात घातला.

"शिंगं फुटू द्या! मी करवतीनं कापून देतो. पण दुसरी टक्कर नाही!"

मग खुशीले विचारलं, "बेटा, आपला गोल कोणी केला?"

खुशी म्हणाली, "झाला का गोल?"

मले आधी हसू आलं, मग मी आत जाऊन तिचा हात धरला.

त्यानं खुशीले बाहेर बसवलं, अन् तेच विचारल्यावर बरोबर उत्तर देणाऱ्या हर्षालेही बसवलं. माझी सून दीप्ती तणतणत आली.

"भाऊ, असं काहून करता जी? साधं टेंगूळ नाही आलं! दोन पोट्ट्या कमी, मग हरणारच ना!"

"हरू, वैनी. टेंगूळ बाहेर येते, आतलं मले दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच बसवलं."

हरलोच. कन्हानवाल्यांनी कप उचलला अन् आमच्या आया ताराचंदकडे अशा पाहत होत्या जसं काही त्यानंच तो विकला. त्यानं दोन्ही पोट्ट्यांना अन् आम्हाले ऑटोत बसवून दवाखान्यात नेलं. रस्त्यात खुशीनं त्याच्या सीटवर उलटी केली. दीप्तीनं पदरानं सीट पुसली अन् म्हणाली, "भाऊ, लवकर चला जी."

डॉक्टरनं हर्षाले तपासून घरी नजर ठेवा म्हटलं. खुशीच्या मेंदूले झटका बसला होता. आराम, मोबाइल बंद, अन् लगेच दुसरा मार लागला असता तर भारी पडलं असतं, असं सांगितलं. मोबाइलसाठीच पोट्टी जास्त रडली.

काही दिवसांनी डॉक्टरनं खेळ हळूहळू सुरू करा म्हटल्यावर ताराचंदनं तिले आधी नुसतं चालवलं, मग धाववलं. बॉल मागितला का म्हणे, "उद्या पाहू." खुशी चिडायची, तर दीप्तीच डाफरायची, "भाऊ म्हणतात तेवढंच कर!"

ज्या दिवशी पूर्ण खेळू दिलं, त्या दिवशी ती घामानं भिजून आली, चपला दारात फेकल्या अन् पोळ्यांवर अशी तुटून पडली का दीप्तीले पुन्हा कणीक मळा लागली. मळता मळताच तिनं रस्त्यावरून ऑटो घेऊन जाणाऱ्या ताराचंदले खिडकीतून हाक मारली, "ओ भाऊ, ऑटो लावा बाजूले, जेवून जा!"