पोरं बिघडवणाऱ्या मावशी

"याचा उपयोग काय?" असं कुणी विचारलं की मावशी पदर कमरेला खोचायच्या आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणायच्या, "काहीच न्हाई. उपयोग कशाला पाहिजे?"

तलवाड्याकडच्या आमच्या लहानशा गावात त्या शाळेची खिचडी शिजवायच्या. मी तिथला मुख्याध्यापक. त्यांची शाळा चौथीत सुटलेली. तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. हातात कसलाच अधिकार नसतो आणि म्हणूनच की काय, कुणाची भीडही नसते.

उन्हाळ्याची सुट्टी लागली त्या दिवशी मी पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावत होतो. मावशी येऊन दारात उभ्या राहिल्या.

"सर, किल्ली द्या मला."

"कशाला?"

"सुट्टीत पोरांना पुस्तकं नकोत का?"

मला हसू आलं. वर्षभर ज्यांना ओढून वाचायला बसवावं लागतं, ती पोरं सुट्टीत पुस्तकं मागणार? शिवाय पुस्तकांची नोंद माझ्या नावावर. म्हटलं, "फाटली तर?"

"फाटू द्या. केलेली भाकर खाल्ल्यावर उरती का?"

किल्ली दिली. आठ दिवसांत कंटाळून परत आणतील, अशी माझी खात्री होती.

दुसऱ्या दिवसापासून मावशी पाटीत पुस्तकं भरून समाजमंदिरात जाऊन बसू लागल्या. त्यांनी एकाही पोराला हाक मारली नाही. अक्षरावर बोट ठेवून, अडखळत, मोठ्यानं वाचायच्या. पोरं बाहेर गोट्या खेळत होती. तिसऱ्या दिवशी मावशींनी वाचलं, "आगपेटीतून तीनशे माणसं खाली उतरली."

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "आगगाडी असंल मावशे! आगपेटीतून माणसं कशी उतरतील?"

"मला तर पेटीच दिसायलीय. ये, तूच बघ."

एक आत आला, त्याच्यामागे चार आले. त्या खरंच चुकल्या होत्या की मुद्दाम, हे मी त्यांना पुष्कळदा विचारलं. दर वेळी म्हणाल्या, "माझी चौथी झालीय, सर."

गोष्ट ऐन रंगात आली की त्या पुस्तक पालथं घालून उठायच्या. "माझी म्हैस सुटली वाटतं." पोरं ओरडायची, "पुढं काय झालं?" "मला काय ठावं? पुस्तकाला इचारा." परत येईपर्यंत पुस्तकाभोवती दहा डोकी गोळा झालेली असायची.

माझ्यातला मास्तर गप्प बसेना. मी प्रश्नपत्रिका काढून नेल्या. गोष्टीतून काय बोध मिळाला, तुम्हाला कोण आवडले, का आवडले. मावशींनी त्या उलटसुलट करून पाहिल्या. "पाठकोऱ्या हायती. बरं झालं, चित्रं काढायला कागद नव्हता."

"अहो मावशी, वाचलेलं डोक्यात राहिलं का, ते कळायला नको?"

"तुमी जेवल्यावर पोटात काय राहिलं, ते कोण इचारतं का?"

त्या पोरांत एक सहावीतली मुलगी होती. तिचे वडील मेंढरं घेऊन लांब गेलेले, घरची शेरडं तिच्याकडे. वर्गात मी तिला वाचायला उभं करायचो आणि ती घंटा होईपर्यंत तशीच उभी राहायची. शब्द फुटायचा नाही. ती हट्टी आहे, असं मी तिच्या आईलाही सांगितलं होतं.

मावशींनी तिला पुस्तक दिलं. तिनं दुसऱ्या दिवशी परत केलं. दुसरं दिलं, तेही परत. अशी चार झाली. मावशी म्हणाल्या, "न्हाई आवडलं तर ठेव. नावडती भाजी कोण खातं?" पाचवं भुतांच्या गोष्टींचं होतं. ते मात्र तीन दिवस परत आलं नाही.

चौथ्या दिवशी गावात आरडाओरडा झाला. पोरगी बाभळीखाली भुतं वाचत बसली आणि शेरडं शाळा समितीच्या अध्यक्षांच्या शेतात, चाऱ्यासाठी पेरलेल्या कडवळात शिरली. अध्यक्ष गावातले मोठे जमीनदार. समाजमंदिरही त्यांच्याच शब्दावर उघडायचं. ते रागानं तिथं आले. मी मागोमाग पोचलो. पोरगी भिंतीला चिकटून उभी होती, पुस्तक छातीशी धरून.

"मावशे, पुस्तकाच्या नादानं पोरं बिघडायलीत," अध्यक्ष म्हणाले. "परीक्षेची तयारी घ्यायची तर घे. न्हाईतर हे बंद कर."

"बिघडायलीत खरी, अण्णा. अजून बिघडवणार हाय."

"जूनमधी खिचडी कुणी शिजवायची, ते आमी ठरवतो. ध्यानात हाय ना?"

मावशी उठल्या. अध्यक्षांकडे पाठ करून त्या मुलीला म्हणाल्या, "तुझी शेरडं चुकली, त्याची माफी माग. पुस्तकाची मागू नगंस."

तिनं माफी मागितली, शेरडांची.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिराला कुलूप होतं. मावशींनी समोरच्या लिंबाखाली, ऐन रस्त्यावर, पोतं अंथरलं. जीपवाले हॉर्न वाजवायचे. पोरं उठायची नाहीत, पाय तेवढे आखडून घ्यायची. एक दिवस मी लांबूनच पाहिलं. ती मुलगी मोठ्यानं वाचत होती. अडखळत होती, पण थांबत नव्हती. भुताच्या आवाजात बोलायची वेळ आली तेव्हा असं किंचाळली की म्हातारीकोतारीही हसली. तिचा असा मोकळा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता.

जूनमध्ये समितीची बैठक झाली. मावशींना कामावरून कमी करण्याचा ठराव आला. सचिव म्हणून मी त्यावर सही केली. हे लिहितानाही मान खाली जाते.

संध्याकाळी कपाटाची किल्ली मागायला गेलो. मावशी भाकरी थापत होत्या.

"काम घेतलंत, घ्या. किल्ली न्हाई मिळायची."

"मावशी, नियम आहे—"

"मग लिहा की, बाईनं दिली न्हाई म्हणून."

मी लिहिलं नाही. चहा पिऊन परत आलो.

दिवाळीच्या सुट्टीतही लिंबाखाली पोतं पडलं. आता पोरं दुप्पट. वर्ष संपता संपता अध्यक्षांनी मला बोलावलं. अहवालात लिहायचं होतं, अध्यक्षांच्या प्रेरणेने सुट्टीत वाचन उपक्रम राबवला. कागद तयारच होता. मी तो त्यांच्यासमोर परत ठेवला.

"हे मी लिहिणार नाही, अण्णा. हे काम मावशींनी केलं. तुम्ही कुलूप लावलं आणि मी सही केली."

पुढं माझी बदली केजकडे झाली. त्याचं मला काही वाटलं नाही.

मावशीही गावात राहिल्या नाहीत. परळीला लेकीचं आजारपण निघालं, तिकडं गेल्या. जाताना किल्ली त्या मुलीच्या हातात देऊन गेल्या, मला न विचारता. लिंबाखालची जागा त्यांच्यावाचून ओकीबोकी दिसते, असं गावाकडचे लोक सांगतात, पण पोतं पडतं.

यंदा सुट्टी लागल्यावर मी त्यांना फोन केला. म्हटलं, "मावशी, पोरं तुमची आठवण काढतात. चार दिवस जाऊन या की गावाला."

"न्हाई जमायचं, सर. हितं गल्लीतली पोरं लई आडमुठी हायती. मोबाइलातनं मानच वर काढीनात."

"मग काय करता?"

"काय करणार? दारात बसून वाचायले." एकाएकी त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "ठेवते सर. एक पोरगी कवाची कोपऱ्यावर उभी राहून ऐकायलीय. तुमच्याशी बोलत बसले तर निघून जाईल."

आणि त्यांनी फोन बंद केला.